गिऱ्हाइकाची गाडी

नवऱ्याबद्दल, म्हणजे तुमच्याबद्दल, चार चांगले शब्द लिहून द्या, असं जामनेरच्या साप्ताहिकाचे संपादक दोनदा येऊन सांगून गेले. वर मला, 'बाई, तुम्ही शिक्षिका, तुम्हाला काय जड,' म्हणाले. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, पहूरच्या फाट्यावर गाड्यांच्या कमानपाट्यांचं वर्कशॉप कधी टाकलं, अशी प्रश्नांची यादीच त्यांनी माझ्या हातात ठेवली. ती मी देव्हाऱ्याखाली सारून दिली. चार चांगले शब्द सध्या माझ्याकडे नाहीत. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला आणि सव्वा महिना मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. आता कागदावर भांडते. इथं तरी तुम्हाला मध्येच उठून भट्टीकडे जाता येणार नाही.

कारण ती तुमची जुनी खोड. सव्वीस वर्षांत माझ्याशी एकही भांडण तुम्ही शेवटापर्यंत नेलं नाहीत. माझा मुद्दा बिनतोड व्हायला लागला की तुम्ही टोपी उचलायचात. "भट्टी थंडी व्हई जाई," एवढं म्हणून चालू लागायचात. तुम्ही धुळ्याकडचे, तुमची अहिराणी. मी जामनेर तालुक्यातली, माझी बोली वेगळी. लग्नानंतर वर्षभर तुमचं अर्धं बोलणं मला कळायचं नाही, आणि जे कळायचं त्यावरून आपलं वाजायचं. पुढं सगळंच कळायला लागलं, तरी वाजायचं राहिलं नाही.

लोक म्हणतात, भिकनभाऊंच्या हातात जादू होती. जादू कसली आलीय. पाटा लालभडक तापवायचा, तुमच्या हाताखालच्या रशीदभाईंनी घण घालायचा, तुम्ही चिमट्यानं फिरवत कमान द्यायची, तेलात विझवायचा आणि परत मंद आचेवर आणून सोडायचा. अजिंठ्याचा घाट चढून-उतरून आलेले ट्रक दारात ओळीनं उभे असायचे, एकेकाची मागची कमान बसलेली. तीस वर्षं तुम्ही तेच केलंत. पाटा जास्त कडक ठेवला तर तुटतो, जास्त नरम ठेवला तर बसतो, यामधली एक जागा तुम्हाला बोटांना कळायची. ती शिकवा कुणाला तरी, असं मी म्हटलं की तुम्ही हसायचात. ती जागा आता कुणालाच माहीत नाही. याचाही मला राग आहे, पण त्याचा नंबर नंतर.

आधी त्या गाडीचं.

धुळ्याच्या शेठची ती जुनी विलायती गाडी ट्रकमागे बांधून आली तेव्हा सगळं पहूर फाट्यावर जमलं होतं. लांब नाक, ताटाएवढे दिवे, मागची सीट आपल्या घरच्या पलंगाएवढी. शेठच्या आजोबांनी ती कुठल्याशा लहान संस्थानातून घेतली होती, आणि शेठची आई, म्हणजे बा, नवी नवरी होऊन त्याच गाडीतून धुळ्यात आल्या होत्या. आता बा ऐंशीच्या पुढे. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलेलं, ते धड जुळलं नाही. त्यांचं एकच मागणं उरलं होतं. पद्मालयाच्या गणपतीला जायचं आणि याच गाडीतून जायचं. पण मधल्या काळात कुणा शहाण्यानं त्या गाडीला ट्रकचे पाटे घातले होते. गाडी दिसायला राजाची आणि बसायला खटारा.

"भिकनभाऊ," शेठ म्हणाले, "बांना मागच्या सीटवर आडवं झोपवून न्यायचंय. धुळ्यापासून पद्मालयापर्यंत त्या कण्हता कामा नयेत. एवढं करून द्या."

तुम्ही गाडीखाली शिरलात ते तासाभरानं बाहेर आलात. "व्हई जाई," म्हणालात. त्या दिवसापासून सहा महिने तुम्ही त्या गाडीचे झालात.

आणि मीही. मला कुणी विचारलं नव्हतं. अकरा वर्षं मी एसटीच्या मागच्या बाकावर बसून शाळेला गेले, त्यात माझ्या कंबरेच्या मणक्याची गादी सरकली; आता मोपेडवर जाते. पट्टा बांधल्याशिवाय मला तासभर उभं राहता येत नाही. बाकीचे नवरे अशा वेळी बायकोला काय म्हणतात मला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "तुनी कंबरसारखं मीटर आख्खा जळगावमा भेटाव नही." आणि पुढच्या रविवारी मला त्या गाडीत मागे बसवलंत.

ट्रायल म्हणायचात तुम्ही त्याला. पहूरहून जळगाव, जळगावहून एरंडोलच्या रस्त्यानं जायचं, परत यायचं. चालवायला रशीदभाई, त्यांच्या शेजारी तुम्ही मागं वळून बसलेले, रस्त्याकडे लक्षच नाही, नजर माझ्या तोंडावर. खड्डा गेला की विचारायचात, "किती येळ हालनी?" खड्डा ओलांडल्यावर गाडी किती वेळा वरखाली झाली ते मी मोजायचं. मी शाळेत पोरांची हजेरी घेते तशी तुमच्यासाठी हिसक्यांची हजेरी घ्यायची. तीन. दोन. परत तीन. तुम्ही वहीत लिहायचात.

पहिल्यांदा तुम्ही नऊ पाटे ठेवलेत. मी नेरीपर्यंत दात आवळून बसले आणि मग थांबवा म्हटलं. दुसऱ्यांदा सात ठेवलेत, तेही पातळ. तेव्हा गाडी इतकी मऊ झाली की पाळण्यासारखी डोलायला लागली. मोठा खड्डा आला की तळाला धाडकन आदळायची. पाळधीच्या पुढं मी रस्त्याच्या कडेला बसून उलटी केली. तुम्ही पाण्याची बाटली घेऊन उभे होतात आणि तोंड असं केलं होतंत की जणू उलटी मी तुमच्या कामावर केली.

"नरम तर व्हयनी ना?" तुम्ही म्हणालात.

"नरम म्हणजे चांगली नव्हे," मी म्हटलं. "त्या म्हाताऱ्या बाईला असं डोलवलंत तर ती वाटेतच गणपतीला पोचेल."

यावर तुम्ही टोपी उचललीत, पण रस्त्यात भट्टी नव्हती. मग नुसतेच बाभळीखाली जाऊन उभे राहिलात. आपलं हे भांडण अर्धं राहिलं आहे, लक्षात ठेवा. तिसऱ्या खेपेला तुम्ही आठ पाटे केलेत, लांबीला वाढवलेत, टोकं गोल घासलीत, मध्ये ग्रीस भरलंत, शॉकअप उघडून दुरुस्त केलेत, आणि गाडी खड्ड्यावरून गेली की एकदाच हलून शांत व्हायला लागली. म्हणजे माझंच खरं होतं. पण 'तुझं बरोबर होतं' असं तुम्ही म्हणाला नाहीत. आता कोण म्हणणार.

तुमचा एक नियम होता, त्यावर मला मुद्दाम यायचं आहे. गिऱ्हाइकाच्या गाडीत घरचं माणूस बसणार नाही. तीस वर्षं तुम्ही तो पाळलात. ट्रकच्या केबिनमधून कधी भाजीसुद्धा आणली नाहीत. मला ट्रायलला बसवायचात तेव्हा मी घरचं माणूस नव्हते, मी वजन होते. त्या सात पाट्यांच्या वेळी उलटीनं माझा जीव गेल्यासारखा झाला होता. परतताना जळगावात मी म्हटलं, मला पिंप्राळ्याला बहिणीकडे सोडा, दोन किलोमीटर तर आहे, आज तिथंच पडते. तुम्ही गाडी चौकात थांबवायला लावलीत. ट्रायल या रस्त्याची आहे, पिंप्राळ्याची नाही, असं म्हणालात, आणि त्या राजवाड्यासारख्या गाडीतून उतरून मला रिक्षात बसवलंत. रिक्षाला मागं स्प्रिंग होती की नाही देव जाणे. चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. ते तुमच्या लक्षात आलं होतं का, हेही मी कधी विचारलं नाही.

आणि त्याच आठवड्यातली ही गोष्ट. सोमवारी मी मोपेडवरून शाळेला निघाले तर रस्ता गुळगुळीत. मला वाटलं, पंचायतीनं अखेर डागडुजी केली. शाळेत मी तसं बोललेसुद्धा. दोन-तीन दिवस मी पंचायतीचं कौतुक करत होते. मग एकदा किल्ली सीटखाली पडली म्हणून वाकून पाहिलं तर सीटला दोन नव्या स्प्रिंगा, तुमच्या हातानं वळलेल्या, टोकं आत मुडपून गोल केलेली, माझी साडी अडकू नये म्हणून. तुम्ही काही बोलला नव्हतात आणि मीही बोलले नाही, कारण तेव्हा मी रागावलेली होते आणि राग मध्येच सोडायची मला सवय नाही. ते राहूनच गेलं. स्प्रिंगा छान झाल्या होत्या हो. फार छान.

पण इथं थांबले तर रडू येईल आणि मला अजून भांडायचं आहे.

तो दिवस घ्या. बुधवार होता. मी शाळेला निघायची तयारी करत होते आणि रशीदभाई धावत आले. "भाभी, भाऊ खाली बसलेत." मी आले तर तुम्ही भट्टीजवळ, भिंतीला टेकून, अंगावरचा शर्ट पिळून काढावा इतका घाम. पित्त आहे म्हणालात. तुमचं सगळंच पित्त. फाट्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, हार्टचं आहे, आत्ताच्या आत्ता जळगावला न्या, आडवं झोपवून न्या, हिसके बसू देऊ नका. दवाखान्याची गाडी सकाळीच एका बाळंतिणीला घेऊन गेली होती.

आडवं झोपवून. हिसके न बसता. आणि आपल्यापासून पंधरा पावलांवर, शेडमध्ये, ती गाडी उभी होती. सहा महिने खपून तुम्ही नेमकी तेवढ्याचसाठी बनवलेली. टाकी भरलेली. किल्ली रशीदभाईंच्या खिशात. रशीदभाईंनी मागचं दार उघडलंसुद्धा.

तुम्ही मान हलवलीत.

"गिऱ्हाईकनी गाडी शे ती," म्हणालात. "घरना मानूस तठे बसाव नही."

मी ओरडले. सगळ्या फाट्यानं ऐकलं असेल. नियम घाला चुलीत, असं म्हटलं मी. रशीदभाईंनी तुमच्या काखेत हात घातला, तर धड श्वास येत नसतानाही तुम्ही त्यांचा हात झटकलात. मग माझ्याकडे बघून खालच्या आवाजात म्हणालात, "तेमा मरी गऊ ते ती म्हतारी कशी बसी मंग? देवले जावानी गाडी शे."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पित्त नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मरण समोर दिसत असताना तुम्ही विचार कुणाचा केलात, तर धुळ्याच्या एका म्हातारीचा, जिला तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं. जिच्यामुळं तुम्ही सहा महिने माझी कंबर झिजवलीत, तिच्या गाडीला विटाळ नको. आणि मी? मी पुढं कशी बसेन, कुठं बसेन, याचा विचार त्या यादीत कितव्या नंबरवर होता? लोक हे ऐकून डोळे पुसतात. केवढा मोठा माणूस, म्हणतात. त्यांना म्हणायला काय जातं. मोठा माणूस त्यांचा गेला, नवरा माझा गेला.

मग ती काळीपिवळी जीप. तिच्यात आधीच बारा माणसं होती. चौघांना उतरवून मधल्या सीटवर तुम्हाला अर्धवट आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर, रशीदभाई पुढं. प्रत्येक खड्ड्याला तुमचे दात एकमेकांवर आपटलेले मला ऐकू येत होते. आणि नेरीच्या अलीकडे खालून तो आवाज आला. मला वाटलं टायर फुटलं. तुम्ही डोळे मिटलेले, तसेच म्हणालात, "मेन पाटा गया."

जीप कडेला लागली. ड्रायव्हर खाली वाकून बघतोय, माणसं उतरून विड्या पेटवताहेत, आणि तुम्ही माझ्या मांडीवर पडून रशीदभाईंना सांगताय, कोणत्या बाजूचा गेला, लाकडाचा ठोकळा कुठं घालायचा, दोर कसा आवळायचा. "मधमा नको, जरा पुढे," असं काहीसं. गप्प राहा हो, गप्प राहा, मी म्हणत होते. तुम्ही मला हातानंच थांब म्हणालात. तुमच्या आयुष्यातलं ते शेवटचं बोलणं. माझ्याशी नव्हतं. एका जीपच्या तुटक्या पाट्याविषयी होतं.

त्यांनी तुम्ही सांगितलं तसं बांधलं. जीप निघाली. पाऊण तास गेला होता. तुम्ही गेलात तेव्हा जळगावची अजिंठा चौफुली दिसायला लागली होती.

जळगावच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "बाई, थोडं आधी आणलं असतं तर," आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. मी तीस पोरांना अर्धी वाक्यं पुरी करायला शिकवते. ते वाक्य मी रोज पुरं करते.

शेठ सांत्वनाला दारावर आले ते पाचव्या दिवशी. सतरंजीवर बसले, हात जोडले. त्यांना सगळं कळलं होतं. "वहिनी, गाडी घरचीच होती. न्यायची होती. मी कधी नाही म्हटलं असतं का?"

"तुमच्या घरची होती," मी म्हटलं. "आमच्या नव्हती. हे त्यांनी तीस वर्षांत कधी विसरू दिलं नाही आणि तुम्हीही कधी स्वतःहून सांगितलं नाहीत."

त्यांचा काही दोष नव्हता, ते मला तेव्हाही कळत होतं. कोणावर तरी राग काढायचा होता आणि तुम्ही हाताला लागत नव्हतात. ते म्हणाले, आता ती गाडी नकोच, बांनाही मी सांगतो, ट्रक पाठवून घेऊन जातो.

तेरावं झाल्यावर मी शेडमध्ये गेले. तोवर पाऊल टाकलं नव्हतं. गाडीवर कापड तसंच होतं. मागच्या भिंतीवर तुमच्या खडूच्या रेघा. मागं ज्वारीचं एक पोतं टाकलं की गाडी किती खाली बसते, दोन टाकली की किती, प्रत्येक रेघेशेजारी तुमचं ते वाकडं अक्षर. एक पोतं. दोन पोती. बाई, म्हणजे मी. आणि सगळ्यात खाली, रेघ नाही, नुसतंच लिहिलेलं: आडवा मानूस, बाकी.

मी तिथंच मातीत बसले.

तुमची एक ट्रायल राहिली होती. मागच्या सीटवर आडव्या माणसाची. बा आडव्या झोपून जाणार म्हणून ती घ्यायची होती आणि त्या बुधवारी सकाळी तुम्ही स्वतः आडवा माणूस होऊन गाडीपासून पंधरा पावलांवर पडला होतात. मी तुम्हाला शिव्या दिल्या, हाता-पाया पडले, नियम चुलीत घाला म्हटलं. आणि म्हणायचं होतं एवढंच, की उठा, ट्रायल बाकी आहे. तुम्ही स्वतः उठून गाडीत जाऊन झोपला असतात. जळगावपर्यंत खड्डे मोजत गेला असतात. कदाचित वहीही मागितली असतीत.

हे मला सुचलं नाही. सव्वीस वर्षं तुमच्याबरोबर काढून, सहा महिने तुमच्या ट्रायलमध्ये बसून, मला ते एक वाक्य सुचलं नाही. तुमच्यावरचा राग एक वेळ मला परवडतो. हा दुसरा राग कुठं ठेवायचा तेवढं मला कळत नाही.

एसटीडी बूथवरून मी धुळ्याला फोन लावला. शेठना म्हटलं, ट्रक पाठवू नका. काम पुरं झालेलं नाही. गाडी घेऊन मी आणि रशीदभाई येतो आणि बांना पद्मालयाला मी घेऊन जाते. ते काही म्हणायच्या आत फोन ठेवला. शेजारपाजारचे काय म्हणाले ते तुम्हाला सांगायला नको. नवऱ्याला महिना झाला नाही आणि विलायती गाडीत बसून निघाली, वगैरे. बसले होतेच. मागच्या सीटवर मधोमध बसले आणि काच खाली केली.

नेरीच्या अलीकडे गाडी हळू करायची नाही, असं मी रशीदभाईंना आधीच बजावलं होतं. त्यांनी केली नाही. तो खड्डा आला. गाडी एकदा हलली आणि शांत झाली. मी घड्याळ लावून बसले होते. पहूरचा फाटा ते जळगावची अजिंठा चौफुली, पन्नास मिनिटं, आणि माझ्या कंबरेला काही म्हणजे काही झालं नाही. रशीदभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी धुळ्याच्या रस्त्याला घातली. तुम्ही इतकं चांगलं काम करून ठेवलं होतंत. थोडं वाईट केलं असतंत तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांना चौघांनी चादरीवर उचलून आणलं. चिमणीएवढी बाई. त्यांनी दारावर हात फिरवला, आपल्या लग्नाची गाडी ओळखली, आणि खुब्याच्या धास्तीनं डोळे घट्ट मिटून घेतले. मी सीटच्या टोकाला बसले आणि त्यांचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं. शेठ पुढं, रशीदभाईंच्या शेजारी. निघताना बांनी माझं मनगट धरलं, दुखेल म्हणून. पारोळ्यापर्यंत मूठ घट्ट होती. मग ती हळूहळू सैल झाली. एरंडोल गेलं. पद्मालयाचा तो वळणावळणाचा, उखडलेला रस्ता लागला. मी एका हातानं त्यांचं डोकं धरून होते आणि दुसरा हात त्यांच्या नाकाशी नेऊन श्वास बघत होते. दोनदा बघितला. तुमचा बघत होते तसा.

देवळापाशी गाडी थांबली. रशीदभाईंनी इंजिन बंद केलं. तेवढ्या शांततेनं बा जाग्या झाल्या, वर माझ्याकडे पाहिलं, आणि चिडून म्हणाल्या, "अजून निघालो नाही का आपण?"

शेठना हसू आलं आणि हसता हसता ते रडायला लागले. रशीदभाई स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मला त्या वेळी तुमची कॉलर धरायची होती. तुमची कॉलर धरून तुम्हाला तिथं उभं करायचं होतं आणि हे ऐकवायचं होतं, की तुम्ही करून ठेवलेल्या गाडीत माणूस तासभर इतकं गाढ झोपतं की निघालोच नाही असं त्याला वाटतं. मी बांच्या कपाळावरचे केस मागं केले आणि म्हटलं, "पोचलो, बा."

राहिलेली ट्रायल मी घेतली. माणूस आडवं झोपून गेलं आणि जिवंत पोचलं. आता बोला.